धाकटीची पावले

भूगोलाच्या तासाला नकाशावर बोट ठेवून डोंगर दाखवणे फार सोपे असते. मी मुळात मराठीचा शिक्षक. परंतु लहान शाळेत शिक्षकाच्या वाट्याला जो विषय येईल तो त्याने शिकवावा, अशी रीत असते. त्यामुळे पंधरा वर्षे मी भूगोलही शिकवीत होतो. "महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?" असे मी विचारावे आणि साऱ्या वर्गाने एका सुरात "कळसूबाई!" असे उत्तर द्यावे. "उंची किती?" असे विचारताच "१६४६ मीटर!" अशी गर्जना व्हावी. उत्तर बरोबर आले की मी पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. शिखर मात्र नकाशावरच राही.

एके रात्री जेवताना आमच्या थोरल्याने मला सहज विचारले, "बाबा, तुम्ही कळसूबाईवर कधी गेला होता?"

माझा घास हातातच राहिला. "नाही गेलो," मी म्हणालो.

"मग ते सर्वांत उंच आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

'पुस्तकात लिहिले आहे,' हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण ते मी घासाबरोबर गिळून टाकले. त्याच रात्री बेत ठरला. ही गोष्ट १९९८ सालातील. नाताळच्या सुटीत आम्ही चौघांनी कळसूबाईला जायचे: मी, मुलांची आई, सहावीत शिकणारा थोरला आणि दुसरीत शिकणारी धाकटी. धाकटीला आम्ही छकुली म्हणत असू. आणि ती थोरल्याला 'दादा' म्हणे, म्हणून सारे घरच त्याला दादा म्हणत असे.

शिक्षकाला वेळापत्रकाचे फार वेड असते. मी वहीच्या पानावर रेघा मारून या सहलीचेही वेळापत्रक तयार केले. सकाळी ७ वाजता बारी गावातून प्रस्थान. ८ वाजता पहिले पठार. ११ वाजता शिखर. १२ वाजेपर्यंत भोजन व विश्रांती. दुपारी ३ वाजता गावात परत. मुलांच्या आईने ते पान लक्षपूर्वक वाचले आणि विचारले, "यात छकुली कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? सर्वांबरोबर!" मी उत्तरलो. तिच्या प्रश्नाचा रोख तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

सामान मी मोजकेच घेतले होते. पाण्याच्या बाटल्या, बाजरीच्या भाकऱ्या, चटणी, उकडलेले बटाटे, गूळ आणि मुलांच्या खिशांत भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा. मुलांच्या आईने त्यात लोकरीचे स्वेटर कोंबले आणि वर विजेरीही ठेवली. "दिवसाउजेडी परत यायचे आहे, विजेरी कशाला? उगाच ओझे!" मी कुरकुर केली. ती काही बोलली नाही. विजेरी मात्र पिशवीच्या तळाशी गेली.

आदल्या दिवशी संध्याकाळी घोटीहून एस.टी.ने आम्ही बारीला उतरलो. कळसूबाईच्या पायथ्याचे हे गाव अकोले तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. ही महादेव कोळी समाजाची वस्ती. ओळखीच्या एका गृहस्थांनी तेथील एका घरी आमची सोय केली होती. त्या घरात एक आजी होत्या. जेवणे झाल्यावर चुलीपुढे हात शेकत त्यांनी मुलांना कळसूची गोष्ट सांगितली.

कळसू ही कोळ्याची मुलगी. ती एका घरी कामाला राहिली, तेव्हा तिने अट घातली, की मी सांगाल ते काम करीन. पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सुखाने गेले. एके दिवशी त्या घरी पुष्कळ पाहुणे आले. घरधन्याने तिला भांडी घासायला लावले. तिने मुकाट्याने भांडी घासली आणि तशीच उठून ती डोंगर चढून गेली. ती पुन्हा खाली आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आणि शिखरावर तिचे देऊळ आहे.

छकुली हनुवटी गुडघ्यांवर टेकून ऐकत होती. तिने विचारले, "आजी, ती एकटीच चढली?"

"एकटीच."

"मग तिला कुणी सारखं 'चल, चल' म्हणालं नसेल!"

आजी खळखळून हसल्या. मीही हसलो, परंतु 'चल, चल' हा शब्द घरात कोणाच्या तोंडी सारखा असतो, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आजी दर नवरात्रात देवीच्या दर्शनाला वर जात. मी त्यांना माझे वेळापत्रक सांगितले आणि विचारले, "आजी, तुम्हाला वर जायला किती वेळ लागतो?"

"आमी काय घड्याळ बघून चढतो व्हय?" आजी म्हणाल्या. "दमलं की बसायचं, इसावा झाला की उठायचं. डोंगुर कुठं पळून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता आम्ही निघालो. हवेत कडक गारठा होता. गावाबाहेरचा ओढा ओलांडला, कापणी झालेली भातखाचरे मागे पडली आणि चढणीला आरंभ झाला. समोर कळसूबाईचा डोंगर काळाभोर उभा होता. त्याच्या माथ्यावर मात्र कोवळे ऊन पडले होते आणि पायथ्याशी उभे राहून ते ऊन अगदी हाताशी असल्यासारखे वाटत होते. बारीपासून शिखरापर्यंत आठशे मीटरांहून अधिक चढ आहे. वर्गातील फळ्यावर हा आकडा लिहायला मला कधी क्षणभरही लागला नव्हता!

थोडे चढून गेल्यावर दादा थांबला आणि म्हणाला, "बाबा, या डोंगराला पायऱ्या कुणी पाडल्या?"

त्याचे निरीक्षण बरोबर होते. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. एक उभा कडा, मग थोडे सपाट, पुन्हा कडा, पुन्हा सपाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीला भेगा पडून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला. एक थर पसरून थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. असे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. पुढे पावसाने आणि वाऱ्याने तो झिजवला. जे थर कठीण होते त्यांचे कडे राहिले. जे मऊ होते ते झिजून सपाट झाले. हे सारे मी दादाला चालता चालता समजावून सांगितले. छकुली ते ऐकू शकली नाही, कारण ती पन्नास पावले मागे होती.

ती मागे का राहत होती? पाय दुखत होते म्हणून नव्हे. तिला वाटेवर सारेच पाहायचे होते. कारवीची वाळलेली झुडपे, दगडावर उमटलेली शेवाळाची पांढरी नक्षी, मुंग्यांची रांग, कोणा पाखराचे गळून पडलेले पीस, या सर्वांपाशी ती थांबे, वाके आणि मग धावत येऊन आईला गाठी. मी वळून पाही, घड्याळ पाही आणि ओरडे, "चल, चल, छकुली! मागे पडलीस!" मग ती धापा टाकत आमच्यापर्यंत येई. ती येऊन पोहोचली, की दादा आणि मी लगेच पुढे निघत असू. कारण आमची विश्रांती तोपर्यंत झालेली असे. तिची विश्रांती केव्हा होई, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

नऊ वाजले, वेळापत्रकातले पहिले पठार आम्ही तासभर उशिरा गाठले. पुढे कड्याला लावलेली पहिली लोखंडी शिडी आली. कळसूबाईच्या वाटेवर जेथे कडा सरळ उभा आहे तेथे अशा शिड्या बसवलेल्या आहेत. दादा माकडासारखा झरझर वर गेला. छकुलीची उंची लहान, आणि शिडीच्या पायऱ्यांमधील अंतर मोठ्या माणसाच्या मापाचे. प्रत्येक पायरीला तिला गुडघा पोटाशी आणून पाय उचलावा लागे. मी तिच्या वर, तिची आई तिच्या खाली, अशा रीतीने आम्ही ती शिडी चढलो. मध्येच ती थांबली. तिचे हात गजाला इतके घट्ट आवळलेले होते, की बोटे पांढरी झाली होती.

"भिऊ नकोस. लवकर पाय उचल," मी म्हणालो.

"लवकर म्हणू नका," ती अगदी हळू म्हणाली. "नुसतं भिऊ नकोस म्हणा."

दुसरी शिडी चढून आम्ही वर आलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते. या वेळी आम्ही शिखरावर असायला हवे होते. परंतु शिखर अजून कितीतरी दूर दिसत होते. छकुली एका दगडावर बसली आणि तिने जाहीर केले, की आता मी दमले.

मी चिडलो. "दादा बघ, किती पुढे गेला! तो काय दुसऱ्या वाटेने चालतो आहे? वाट सर्वांना सारखीच आहे."

छकुलीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज ठाम होता. ती म्हणाली, "वाट सारखी नाहीये. त्या मोठ्या दगडापासून इथपर्यंत मी पावलं मोजली. शहाण्णव झाली. तुमची किती झाली?"

"माझी मी मोजली नाहीत."

"मग मोजा ना!"

मुलांची आई माझ्याकडे पाहत होती. नाइलाजाने मी खाली त्या दगडापर्यंत गेलो आणि मोजत मोजत परत आलो. साठ पावले झाली.

मुलांनो, हा हिशेब तुम्हीही करून पाहा. माझी साठ, तर तिची शहाण्णव. म्हणजे मी दहा पावले टाकीपर्यंत तिला सोळा टाकावी लागत होती. शिखरापर्यंत माझी दहा हजार पावले होणार असतील, तर त्या सात वर्षांच्या मुलीची सोळा हजार होणार! आणि आमच्यात सर्वांत आळशी चालणारी म्हणून मी तिलाच रागावत होतो.

हा हिशेब मला समजला, असे मी आज म्हणतो. त्या क्षणी मात्र मी तो मान्य केला नाही. "पुरे झाले मोजणे," असे म्हणून मी उठलो. घड्याळाचा काटा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले, की दादा कुठेच दिसत नाही.

"दादा!" मी हाक मारली. उत्तर आले नाही. पुन्हा हाक मारली. वाऱ्याने ती हाक उचलून दरीत टाकली. 'पुढच्या झाडापाशी थांब,' असे मी त्याला सांगितले होते. मी धावत त्या झाडापाशी गेलो; तेथे कोणी नव्हते. मी आणखी पुढे धावलो. वाट वळली, चढली. वाटेवर कोणीही नव्हते. माझ्या छातीत धडधडू लागले. एका बाजूला उतरत गेलेली गवताळ घसरण आणि तिच्याखाली कडा. त्या घसरणीकडे पाहण्याचे मला धैर्य होईना. मी पुन्हा खाली आलो. मुलांची आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. दोघेही एकमेकांशी काही न बोलता हाका मारीत राहिलो.

छकुली मात्र हाका मारीत नव्हती. ती खाली वाकून जमिनीकडे पाहत होती.

"बाबा, दादा इकडे गेला," ती म्हणाली.

झाडाच्या थोडे अलीकडे मुख्य वाटेतून एक बारीक वाट फुटली होती. गुरांच्या पायांनी पडलेली ती वाट मी दोनदा धावत ओलांडली होती. परंतु मला ती दिसली नव्हती. त्या वाटेवर भुईमुगाच्या शेंगांचे एक टरफल पडले होते. चार पावलांवर दुसरे. त्यापुढे तिसरे.

त्या टरफलांच्या मागाने आम्ही गेलो. वाट हळूहळू अरुंद होत गवतात नाहीशी झाली होती, आणि तिच्या टोकाला, वीसएक पावले खाली, दादा एका कारवीच्या झुडपाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. डिसेंबरातले वाळलेले गवत तेलासारखे निसरडे असते. त्याचा पाय घसरला होता. तो उठू लागला की आणखी खाली सरकत होता. भीतीने त्याचा आवाजच बसला होता, म्हणून आमच्या हाकांना त्याला ओ देता आली नव्हती.

मी खाली बसलो आणि टाचा रोवीत, बसल्या बसल्याच सरकत त्याच्यापाशी पोहोचलो. त्याचा हात हाती आला, तेव्हा तो बर्फासारखा गार होता. "खाली पाहू नकोस. घाई करू नकोस. एक टाच रोव. आता दुसरी." मी बोलत होतो आणि माझे शब्द मलाच नवे वाटत होते, कारण 'घाई करू नकोस' हे मी त्या दिवशी प्रथमच म्हणत होतो. ती वीस पावले चढायला आम्हांला पंधरा मिनिटे लागली. वर आल्यावर दादा आईच्या कुशीत शिरला. छकुलीने खिशातून स्वतःच्या उरलेल्या शेंगा काढून त्याच्यापुढे धरल्या.

सर्वांचे हातपाय स्थिर होईपर्यंत बराच वेळ गेला. मग आम्ही सावकाश वर चढू लागलो. शिखराच्या थोडे अलीकडे, शेवटच्या शिडीच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे. तेथे पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. डोक्यावर शेवटचा कडा, त्यावर शिडी आणि वर शिखर. इतके जवळ, की वरच्या माणसांचे बोलणे ऐकू येत होते.

आम्ही भाकऱ्या सोडल्या. वारा बोचरा होता. उंच जावे तशी हवा थंड होते. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हेही मी वर्गात शिकवीत असे. परंतु लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते, हे मी छकुलीच्या निळसर ओठांकडे पाहून त्या दिवशी शिकलो. आईने पिशवीतून स्वेटर काढून दोघांना घातले. ते ओझे आता कोणालाच जड नव्हते.

मुलांची आई शांतपणे म्हणाली, "इथवर यायला सात तास लागले. उतरायला चार तरी लागतील. सहाला सूर्य मावळतो. शिड्या अंधारात उतरता येणार नाहीत."

तिचा हिशेब बिनचूक होता. तरीही माझी नजर वरच्या शिडीवरून हलेना. तुम्ही तिघे येथे बसा, मी एकटा अर्ध्या तासात जाऊन येतो, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, हे मी आज लपवीत नाही. पंधरा वर्षे ज्या शिखराची उंची मी शिकवली, ते शिखर एका शिडीवर होते. पुन्हा केव्हा येणे घडेल, कोण जाणे!

मी मुलांकडे पाहिले. दादा मान खाली घालून बसला होता. या शिखराची आस सर्वांत अधिक त्यालाच होती. तो म्हणाला, "बाबा, माझ्यामुळे उशीर झाला."

"तुझ्यामुळे नव्हे," मी म्हणालो. "मी मागे वळून पाहत होतो ते फक्त ओरडण्यासाठी, आणि पुढे पाहत होतो ते फक्त घड्याळासाठी. तू कुठे आहेस, हे पाहायचे मात्र राहून गेले."

ज्या कागदावर मी वेळापत्रक लिहिले होते, त्याच कागदात आम्ही उरलेली चटणी बांधली आणि शिखराला खालूनच नमस्कार करून मागे वळलो.

उतरताना आमचा क्रम बदलला. सर्वांत पुढे छकुली, तिच्यामागे तिची आई, मग दादा आणि सर्वांत शेवटी मी. छकुली जेथे थांबेल तेथे सर्वांनी थांबायचे. ती उठेल तेव्हा सर्वांनी उठायचे. आणि मौज अशी, की ती सकाळपेक्षा कितीतरी कमी वेळा थांबली! मागे पडलेल्याला सारखे धावावे लागते आणि धावणारा लवकर थकतो. पुढे चालणारा आपल्या चालीने चालतो. शिड्यांवर कड्याकडे तोंड करून, एक एक पायरी चाचपडत आम्ही उतरलो. शेवटची शिडी संपली आणि थोड्याच वेळात सूर्य मावळला. पहिल्या पठाराखाली पायवाट दिसेनाशी झाली, तेव्हा पिशवीच्या तळाची विजेरी बाहेर आली. माथ्यावर अर्धा चंद्र होता. विजेरी अर्थातच छकुलीच्या हाती होती. ती प्रत्येक निसरड्या दगडावर प्रकाश टाकून मागच्यांना सांगे, "इथे जपून हं!"

ओढ्याच्या पलीकडे एक कंदील हलताना दिसला. आजी आमची वाट पाहत उभ्या होत्या.

"देवीपतुर गेलात का?" त्यांनी विचारले.

मला उत्तर देणे जड गेले. छकुलीने मात्र तत्काळ सांगितले, "नाही. पण डोंगुर कुठं पळून चाललाय?"

जानेवारीत शाळा सुरू झाली. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. तो अक्षर अक्षर लावून वाची. तो वाचायला उभा राहिला, की अर्ध्या वाक्यात मी "बस खाली" म्हणून पुढच्या मुलाला उभे करीत असे. कारण धडा वेळेत संपला पाहिजे. त्या दिवशी मी घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकले. त्याने संपूर्ण परिच्छेद वाचला. सारा वर्ग चुळबुळ करीत होता. पण वाचून संपल्यावर त्या मुलाने माझ्याकडे जे पाहिले, ते मी अद्याप विसरलो नाही. पुढच्या महिन्यात त्याला मी पहिल्या बाकावर आणले.

कळसूबाईला पुन्हा जाणे मात्र लांबतच गेले. मुले मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. मी मुख्याध्यापक झालो आणि निवृत्तही झालो. २०२४ सालच्या डिसेंबरात छकुलीचा निरोप आला, "बाबा, रविवारी कळसूबाईला जायचं आहे. तुम्हाला यायचंच आहे." ती आता तेहतीस वर्षांची आहे आणि तिचा मुलगा सहा वर्षांचा.

"माझे वय झाले. मी तुम्हांला मागे खेचीन," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही मागे नसणार," ती म्हणाली.

बारीला पोहोचल्यावर तिने आमचा क्रम लावून दिला. सर्वांत पुढे माझा नातू आणि मी; आमच्यामागे इतर मंडळी; शेवटी ती स्वतः. आमच्या हातांत वेळापत्रक नव्हते. दुपारी दोनला असू तेथून मागे फिरायचे, एवढेच ठरले होते. नातू दगडापाशी थांबे, मुंग्यांपाशी थांबे. आणि खरे सांगायचे तर तो थांबला की मला फार बरे वाटे. मागून कोणी 'चल, चल' म्हटले नाही. शिड्यांवर छकुली खालून एवढेच म्हणे, "भिऊ नका, मी आहे." ते ती मुलाला म्हणत होती की मला, हे मी विचारले नाही.

एका चढणीवर नातवाने मोठ्याने पावले मोजायला सुरुवात केली. त्याच्या आईनेच ते त्याला शिकवले असावे. मीही मनात माझी मोजली. वर पोहोचल्यावर त्याने विचारले, "आजोबा, तुमची किती झाली?"

"ब्याण्णव."

"माझी पंचाण्णव!" तो आनंदाने ओरडला. "म्हणजे आपली वाट जवळजवळ सारखीच आहे!"

विहीर आली. शेवटची शिडी आली. दुपारी पाऊण वाजता आम्ही शिखरावर उभे होतो. चिमुकल्या देवळापुढे हात जोडून मी वळलो. एकीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग पाठीला पाठ लावून बसले होते. दुसरीकडे रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड. खाली भंडारदऱ्याचा जलाशय उन्हात चमकत होता. सव्वीस वर्षांपूर्वी जे पाहायचे राहिले होते, ते सारे जागच्या जागी होते.

नातवाने माझा हात ओढला. "आजोबा, हे सर्वांत उंच आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

या वेळी माझ्यापाशी उत्तर होते. "इथे उभा राहून चारी दिशांना नीट बघ," मी म्हणालो. "मान वर करून पाहावा लागेल असा एकतरी डोंगर दिसतो का, ते मला सांग."

तो गंभीर मुद्रेने जागच्या जागी वळू लागला. त्याला बराच वेळ लागला. आम्ही सारे थांबलो होतो.